बारा ते दीड, इमारत रिकामी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. माझ्या घरातही कोणी ठेवला नाही. बायको तर गोष्ट अर्ध्यावर टाकून मासे साफ करायला उठली, आणि मुलगी म्हणाली, बाबा, एकदा रक्तदाब तपासून घ्या. तरी सांगतो. समोर ती फिकट हिरवी चार मजली इमारत दिसते ना, रेनकोटच्या कंपनीची? तिच्यात एका गुरुवारी भर दुपारी एकशे चाळीस माणसं होती. आणि त्याच वेळी, त्याच इमारतीत, कंपनीच्या दप्तरी आणि पोलिसांच्या वहीत मिळून फक्त एक जण हजर होता. तो एक जण म्हणजे देव.

हसून घ्या. मीही पूर्वी हसायचो.

त्या कंपनीत मी हजेरी कारकून होतो, सव्वीस वर्षं. माल म्हणजे स्कूटरवरचे दोन टोप्यांचे रेनकोट, पुढच्या टोपीत नवरा आणि मागच्या टोपीत बायको. घरून भांडून निघालेली जोडपीसुद्धा पाऊस आला की एकाच रेनकोटात शिरतात. आमच्या कंपनीने हायफाँगमधले निदान हजार संसार असे पावसाळाभर टिकवून धरलेत, पण त्याची नोंद कुठे नाही. माणसाच्या खऱ्या कामाची नोंद कुठेच नसते, हे मी हजेरीपटावर आयुष्य घालवून सांगतो आहे.

इमारतीचा कारभार आम्ही चौघं बघायचो. ही लुयेन, जी आत्ता तुमच्या चहाच्या ग्लासात बर्फ टाकते आहे, ती टेलिफोन ऑपरेटर. अर्धं गाव तिला आवाजावरून ओळखायचं. मासळीबाजारात तिने भाव विचारला की कोळीण म्हणायची, एकशे सातला जोडून दे गं. दारं, किल्ल्या आणि कॅमेरे रखवालदार बांगकडे. दिवे, पंखे, एसी क्वेत वायरमनकडे. आणि हजेरी माझ्याकडे. चार खाती, चार खोल्या, चहाचे चार थर्मास. प्रत्येकाच्या वायरी वेगळ्या आणि प्रत्येकाचा अभिमान वेगळा. क्वेतची वायर बांगच्या वायरीवरून गेली म्हणून ते दोघे एका नववर्षापासून दुसऱ्या नववर्षापर्यंत बोलत नव्हते. पण कारभार चालायचा. फोन बिघडला तर फक्त फोन बिघडायचा. त्यात दाराचा काही संबंध नसे.

मग आमचे संचालक थिन्हसाहेब सिंगापूरला कसलंसं प्रदर्शन बघून आले. माणूस वाईट नव्हता. पण परदेशातून आलेला माणूस पहिले पंधरा दिवस आपल्याच घरातल्या भिंती बघून नाक मुरडतो, तसं त्यांचं झालं. त्यांनी आम्हा चौघांना बोलावलं. टेबलावर कापलेला पेरू आणि तिखटमीठ. मी तेव्हाच ओळखलं. सव्वीस वर्षांत मला त्या खोलीत साधं पाणी मिळालं नव्हतं.

साहेबांच्या शेजारी वान्ह नावाची एक इंजिनियर बसली होती. सायगावची, पस्तिशीची, बोलण्यात अदब. तिने सांगितलं की फोन, कॅमेरे, दारं, दिवे, एसी, हजेरी हे सगळं आता एकाच नेटवर्कवर येणार, एकाच वायरीवर. सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतील. म्हणजे माणूस दारातून आत आला की दारच हजेरीला सांगेल, हजेरी दिव्यांना सांगेल, दिवे एसीला सांगतील. मी बांगकडे बघितलं, बांगने क्वेतकडे बघितलं, क्वेतने खिडकीबाहेर बघितलं. आम्ही चौघं एकमेकांशी धड बोलत नव्हतो, आणि आमची यंत्रं आता एकमेकांची विचारपूस करणार होती.

पेरू संपत आल्यावर साहेब मुद्द्यावर आले. चार खाती एका वायरीवर आली, की तिच्यासमोर बसायला माणूस एकच पुरे. तीन महिने चाचणी, मग चौघांतला एक राहील. बाकीच्या तिघांना कंपनी सन्मानाने मोकळं करेल, मानपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ. बघा, अपमान करायलासुद्धा डोकं लागतं.

मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. मला येतं काय, तर सरळ रेषा मारता येतात आणि लाल शाईने गैरहजर लिहिता येतं. असल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतो? बांगचा एक पाय अधू. क्वेतच्या डोक्यावर घराचं बांधकाम. आणि या लुयेनच्या घरी सासरा अंथरुणाला खिळलेला, नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा. म्हणजे खुर्ची एक, आणि तिच्याशिवाय बुडणारी माणसं चार.

आमच्या गल्लीत ही बातमी माझ्या आधी पोचली. जो तो सल्ला द्यायला तयार. शेजारी एक म्हातारा राहतो, जन्मभर जहाजावर बिनतारी संदेश पाठवायचं काम केलेला. तो म्हणाला, दोआन, ज्या जहाजाचं सगळं एका दोरावर असतं त्या जहाजावर मी कधी पाय ठेवला नाही. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाला, तू पोहायला शीक. कोपऱ्यावर तांदळाच्या वाफवलेल्या पोळ्या विकणारी भात-पोळीवाली म्हणाली, त्या पोरीला आपल्या बाजूने घ्या, सायगावच्या लोकांना गोड लागतं. म्हणून मी वान्हसाठी चिकट भाताचा गोड पदार्थ घेऊन गेलो, तर तिच्या टेबलावर तो आधीच तीन डब्यांत ठेवलेला होता. त्यातला एक डबा लुयेनचा आहे हे मी झाकणावरून ओळखलं. आम्ही चौघंही एकाच भात-पोळीवालीकडे न्याहारीला जायचो, त्याचा हा परिणाम.

कामाचा शुभारंभ मुहूर्त बघून झाला. मुहूर्त काढणाऱ्याने वान्हची जन्मवेळ विचारली, मशीनची विचारली, आणि मशीन तैवानमध्ये कुठल्या दिवशी बनलं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे तीन दिवस वाया गेले. शेवटी खोक्यावरची तारीख धरली.

पहिलाच दणका देवाला बसला. खाली दारालगतच्या दालनात, जमिनीवर, कोपऱ्यात जागा राखणाऱ्या भूमिबाबाचं देवघर आहे. पोट सुटलेला, हसरा. त्याला रोज सकाळी काळी कॉफी आणि पेटवलेली सिगारेट लागते, आणि डोक्यावरचे दोन लाल दिवे रात्रंदिवस जळते लागतात. नव्या नेटवर्कने ते दिवे बघितले आणि ठरवलं, यांचा कोणाला उपयोग नाही. बंद. दुसऱ्या दिवशी लिफ्ट अडकली, रंगाचा ट्रक बंदरावर अडला आणि साहेबांच्या सासूबाई घसरून पडल्या. साहेबांची पाचावर धारण बसली. वान्हला म्हणाले, दिवे चालू करा. ती म्हणाली, सर, दिवा चालू ठेवायचा तर तो कुठल्यातरी कर्मचाऱ्याच्या नावावर लागतो. मग कोणाच्या नावावर? चौघांनीही कानावर हात ठेवले. देवाचा दिवा आपल्या नावावर घेऊन तो विझला तर?

शेवटी भूमिबाबालाच कर्मचारी करून घेतलं. क्रमांक एकशे एकेचाळीस, खातं सामान्य प्रशासन. अर्ज मी भरला. शिक्षण या रकान्यात काय लिहावं म्हणून अर्धा तास अडलो होतो.

मग आवाज आला. वान्ह म्हणाली, आता फोन यंत्रच उचलेल, फक्त त्याला एक चांगला आवाज हवा. लुयेनला दोन दिवस काचेच्या खोलीत बसवून तिच्याकडून सगळी वाक्यं बोलून घेतली. कंपनीत आपलं स्वागत आहे. हिशोब खात्यासाठी दोन दाबा. कृपया प्रतीक्षा करा. बाई इतक्या प्रेमाने बोलत होती, की आपल्याच हाताने आपली खुर्ची पॉलिश करून दुसऱ्याला देतो आहोत हे तिच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, "दोआनदादा, मला कळत नाही असं समजू नका. पण निदान आवाज तरी राहील कुठेतरी." आजही त्या नंबरवर फोन लावा, हीच उचलते. ही इथे तुम्हाला चहा देत असते आणि तिथे लोकांना थांबायला सांगत असते.

"चहा घ्या, आणि गोष्ट पुढे न्या," लुयेन म्हणाली.

नेतो. आता नीट ऐका, कारण खरी मेख इथे आहे. आमच्याकडे दुपारी बाराला काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावणेबाराला डबे उघडतात, बाराला क्वेत एकेका मजल्याचे दिवे मालवतो, पडदे ओढतो, आणि इमारत झोपते. चटया अंथरल्या जातात, घडीच्या खाटा उघडतात. हिशोब खातं टेबलाखाली, शिवणखातं कापडाच्या गठ्ठ्यांवर, साहेब कोचावर. दीडपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू येईल. आमच्या आजोबांच्या काळापासून हे असंच चालत आलंय, आणि त्याशिवाय दुपारी कोणाच्याही हातून सरळ शिवण पडत नाही.

आणि वान्हने तर नेटवर्कला शिकवलं होतं, की पंधरा मिनिटं कोणी हललं नाही आणि दिवे बंद असले, तर लोक घरी गेले असं समज. दारं लाव, एसी बंद कर, हजेरी मिटव. ती होती आधुनिक कंपन्यांत काम केलेली. तिथे लोक दुपारी झोपत नाहीत, उभ्याने पाव खातात आणि पुन्हा स्क्रीनकडे बघतात. आधीच्या आठवड्यांत तिने एकेक यंत्र सुटं चालवून बघितलं होतं, आणि दुपारची ती समोरच्या हॉटेलात जेवायला जायची. सगळं एकत्र जोडून चालू करायचा दिवस ठरला गुरुवार.

आता सांगतो, आणि हे कोणाला सांगू नका. आम्हा चौघांनाही माहीत होतं. क्वेतला माहीत होतं, दिवे तोच मालवायचा. बांगला माहीत होतं, कारण दारं कशावरून बंद होतात हे त्याला वान्हने दोनदा समजावलं होतं. लुयेन रोज खाटेवर पडून छताला लावलेल्या त्या हालचाल बघणाऱ्या डोळ्याकडे बघायची. आणि मला तर माहीत होतंच. पण प्रत्येकाने विचार केला, बुडालं तर दुसऱ्याचं खातं बुडेल. क्वेतला वाटलं, दारं लागली तर बांग जाईल. बांगला वाटलं, अंधार झाला तर क्वेत जाईल. अशा रीतीने चार शहाण्या, संसारी, देवभीरू माणसांनी तोंडं मिटून चटया अंथरल्या.

बारा वाजून पंधरा मिनिटांनी नेटवर्कने इमारतीवरून नजर फिरवली. कोणी हलत नाही. खट, खट, खट, बारा दारं लागली. एसी गप्प झाला. एकशे चाळीस नावांपुढे अर्धी रजा लागली, त्यात थिन्हसाहेबही आले. एकच जागा अशी होती जिथे काहीतरी हलत होतं. खालच्या दालनात भूमिबाबासमोरच्या उदबत्तीचा धूर. कॅमेऱ्याने तो बघितला, आणि नोंद केली: क्रमांक एकशे एकेचाळीस, हजर, कामावर. मग दुसऱ्या कॅमेऱ्याने विचार केला, की इमारत बंद आहे आणि आत कोणी हलतंय, म्हणजे चोर. यंत्रं एकमेकांशी बोलतात असं म्हणाले होते ना? बोलली. एकाने त्याला कर्मचारी म्हटलं, दुसऱ्याने चोर, आणि दोघांनी मिळून वॉर्डाच्या पोलिसचौकीत फोन लावला. लुयेनच्या आवाजात. अतिशय गोड, की आमच्या इमारतीत एक अनोळखी इसम शिरलेला आहे, आपल्या मदतीबद्दल आभारी आहोत.

उकाड्याने पहिली जागी झाली ती शिवणखात्यातली एक बाई. तिने दार ढकललं, उघडेना. मग एकेक करून सगळे उठले, अंधारात, घामाने निथळत, गालांवर चटईचे वळ उमटलेले. दाराशी तोंड ओळखणारं यंत्र होतं, त्याच्यापुढे रांग लागली. त्याने एकालाही ओळखलं नाही. चटईचे वळ पडलेली तोंडं त्याला कोणी शिकवलीच नव्हती. हिशोब खात्याच्या प्रमुखाने गाल चोळचोळून लाल केले, तर यंत्राने त्याला शिवणखात्यातली फुआंग ठरवलं, आणि फुआंग अर्ध्या रजेवर आहे म्हणून दार नाकारलं. बाहेर पडायचं तर हजर असायला हवं. हजर व्हायचं तर हजेरीच्या यंत्रासमोर उभं राहायला हवं. आणि हजेरीचं यंत्र बाहेर, फाटकाच्या खांबावर. हे मी रचून सांगत नाही. एवढं मूर्खपणाचं काही मला रचता आलं असतं तर मी हजेरीपटावर आयुष्य घालवलं असतं?

साहेबांनी खोलीतून वान्हला फोन लावला. नेटवर्क म्हणालं, कर्मचारी असाल तर एक दाबा. दाबला. नेटवर्क म्हणालं, आपण आज रजेवर आहात, विश्रांती घ्या. हेही लुयेनच्या आवाजात. साहेब फोन हातात धरून बाहेर आले, तर समोर लुयेन उभी, तोंड मिटून. त्या क्षणी साहेबांनी तिच्याकडे जे बघितलं, ते मी विसरलेलो नाही. फसवलं यंत्राने होतं, पण माणसाला राग आवाजाचा येतो.

तेवढ्यात वॉर्डाचा हवालदार आला, दोन माणसं घेऊन. मी खिडकीच्या गजांतून त्याच्याशी बोललो, कारण हजेरीचा अधिकारी मी. म्हटलं, साहेब, आत चोर नाही, आम्ही आहोत. तो म्हणाला, "आमच्या नोंदीत इमारत रिकामी आहे आणि आत एक इसम आहे. तुम्ही एकशे चाळीस कुठून आणलेत?" म्हटलं, आम्ही झोपलो होतो. तो म्हणाला, "कामाच्या जागी झोपायला परवानगी नाही. तसं लिहू?" म्हटलं, लिहू नका. तो म्हणाला, "मग तुम्ही इथे नाही." मी गज धरून उभा, घामाने चिंब, आणि तो भला माणूस मला समजावून सांगत होता की मी नाही. शेवटी त्याने सांगितलं, नोंद झालीय, ती मिटवायची तर तो एक इसम पुढे आला पाहिजे, नाव, गाव, सही. भूमिबाबा कुठून सही करणार? वान्ह समोरच्या हॉटेलातून नूडल्स अर्धवट टाकून धावत आली आणि तिने बाहेरून दारं उघडली, तेव्हा दीड वाजला होता. सगळे बाहेर आले आणि यंत्राने प्रत्येकाला उशिरा आल्याचा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी चौकशी. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं आणि वान्ह. या वेळी पेरू नव्हता. साहेबांनी वान्हला झाडायला सुरुवात केली, तर तिने शांतपणे एक कागद काढला. म्हणाली, सर, मी काम सुरू करण्याआधी हा कागद दिला होता. तासातासाला इमारतीत काय असतं ते लिहून मागितलं होतं. बघा, बारा ते दीड, इमारत रिकामी.

आणि ते खरं होतं. म्हणजे कागदावर खरं होतं. कामगार खात्याची तपासणी सुरू झाल्यापासून आम्ही सगळीकडे तसंच लिहीत आलो होतो, की दुपारी सर्व कर्मचारी जेवायला घरी जातात. झोपतात असं लिहिलं असतं तर शेरा आला असता. वीस वर्षं इमारत झोपत होती आणि वीस वर्षं कागदावर रिकामी होती. वान्हने कागदावर विश्वास ठेवला. चूक कोणाची म्हणाल?

कागदावर नाव नव्हतं, नुसतं अक्षर. साहेबांनी तो टेबलावर आमच्याकडे सरकवला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? बांगने चपलेकडे बघितलं. क्वेतने खिडकीबाहेर. ज्याने लिहिलं तो गेला, हे सगळ्यांना कळत होतं. तीन महिने थांबायची गरजच नव्हती.

आणि मग मी उभा राहिलो. अजून आठवतं मला. मांडीवरची टोपी खाली पडली, ती मी उचलली नाही. म्हटलं, साहेब, अक्षर माझं आहे. वीस वर्षं मीच लिहितो. यांचा कोणाचा दोष नाही, शिक्षा करायची तर मला करा. वान्हच्या डोळ्यांत पाणी आलं. बांग माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला, अधू पायाचा माणूस, उभ्याउभ्या. साहेब खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, दोआन, या कंपनीत एकच मर्द माणूस आहे, आणि म्हणून ती खुर्ची तुझी. मी नको म्हणत होतो. तीनदा नको म्हटलं. तरी त्यांनी जबरदस्तीने मला बसवलं. ही लुयेन तर आपणहून गेली, म्हणाली, दोआनदादा, तुमच्यासारख्या माणसाला खुर्ची मिळते आहे तर मी आनंदाने चहाचं दुकान टाकते. विचारा तिला. समोरच आहे.

लुयेन बर्फ फोडत होती. तिने हातोडी खाली ठेवली, फडक्याला हात पुसले, आणि गिऱ्हाइकांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "दोआनदादा, त्या दिवशी तुम्ही बसलेलेच होता. अक्षर कोणाचं असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत."